मिठाच्या गोदामासमोर दहावा

मैनाचा दहावा खाडीच्या बंधाऱ्यावर चालला होता आणि त्याच वेळी तिची पोरगी रुचिका जर्मनीतल्या ल्युबेक नावाच्या जुन्या बंदरात स्थळं बघत फिरत होती. हे वाचून कुणाला राग येत असेल तर खुशाल येऊ दे. गावालाही आला. आय मेली आणि ही तिकडं मजा मारते, असं गाव म्हणालं. मजा कसली, ते विचारायला गावाला वेळ नव्हता.

मैना कंटेनर यार्डाच्या ऑफिसात फरशी पुसायला जायची. त्या जागी आधी मिठागर होतं आणि लग्नाआधी मैनानं तिथंच डोक्यावरून मीठ वाहिलेलं. मग भराव पडला, कंटेनर आले आणि मीठ वाहणारीच्या हातात पोतेरं आलं. एका सकाळी पोतेरं पिळायला म्हणून ती खाली बसली, ती उठलीच नाही. संध्याकाळी तिला जाळली. रुचिकाला दुसऱ्या दिवशी फोन केला, तोही तिचा शेवटचा पेपर संपल्यावर. हे ठरवलं भिकूकाकानं. पोरगी काय उडत येणार होती का, उगाच पेपर बुडवायचा, असं तो म्हणाला. भाऊ निकेतनं मान डोलावली. बाप काळूराम काहीच बोलला नाही. काळूराम कधीच काही बोलत नाही. फार चांगला माणूस, असं सगळे म्हणतात. आपल्याकडं न बोलणाऱ्याला चांगलाच म्हणतात.

शिक्षण संपल्यावर घरी यायचं रुचिकाचं तिकीट आधीच काढलेलं होतं. तेराव्याला बरोबर पोचतेस, मग बदलायचं कशाला, असं निकेतनं सांगितलं. तेही ठरलंच होतं म्हणा. त्या घरात रुचिकाला सगळं ठरल्यावरच कळायचं.

एक गोष्ट मात्र तिनं स्वतः ठरवायची राहिली होती. ल्युबेकच्या बंदरातल्या एका कंपनीनं तिला नोकरी देऊ केली होती. ही गोष्ट तिनं फक्त आयला सांगितली होती. मैनानं जेवणाच्या सुट्टीत, यार्डाच्या पाण्याच्या टाकीमागं उभं राहून, हळू आवाजात फोन केलेला. पाठीमागं ट्रेलरचे हॉर्न वाजत होते.

"घे ती नोकरी," मैना म्हणाली. "आन् हितं येऊ नको. भिकूनं तुझं गुणाजीशेठच्या विनेशशी जमवलंय. मी न्हाय म्हनलं, पन माझं कोन ऐकतंय? तू हितं आलीस का मना तुला सोडवता येनार न्हाय. तुझ्या बाबाला मी सांगते."

गुणाजीशेठकडं ट्रेलर आहेत आणि भिकूच्या दोन गाड्यांना काम त्याच्याच जिवावर मिळतं. विनेश वाईट पोरगा आहे असंही नाही. तो कुठलाच नाही. बाप सांगेल तिथं सही करतो. मैनाला त्याच्याविषयी काही म्हणायचं नव्हतं. तिला एवढंच म्हणायचं होतं की पोरगी भिकूच्या गाडीला जुंपायची नाही.

त्या फोननंतर चार दिवसांत मैना गेली. बाबाला तिनं सांगितलं की नाही, हे रुचिकाला कळलं नाही. विचारायचं कसं? इकडं माणूस मेलंय आणि तिकडून पोरगी नोकरीचं विचारते?

आणि आता वेळ उरला नव्हता. कंपनीला उत्तर आजच हवं होतं, विमान उद्या होतं. घरात मरण झालं की वर्षाच्या आत लग्न उरकायचं, नाहीतर पुढं तीन वर्षं थांबायचं, हा रिवाज भिकूनं दिवसकार्यातच काढला होता. म्हणजे गेली तर अडकली. न गेली तर आयच्या तेराव्याला पोटची पोर नाही, आणि हे गाव कधी विसरणार नाही. रिवाजानं दुःखातसुद्धा माणसाला घाई लावून ठेवलेली असते.

तिला खोलीतून बाहेर काढली विनितानं. विनिता माणगावकडची, भातशेतीवाल्यांच्या घरातली, दोन वर्षं रुचिकाबरोबर एकाच खोलीत राहिलेली. उद्याच्या विमानात तीही होती. तिच्यापाशी सांत्वनाचे शब्द नव्हते, तिनं सरळ बूट पुढं टाकले. दोन वर्षं या गावात घासली, दुकान आणि लायब्ररी सोडून काही बघितलं नाही, उद्या कोणी विचारलं तर काय सांगणार, थंडी होती म्हणून? असं बडबडत तिनं रुचिकाला दारातून ढकललं.

आधी मोठ्या चर्चमध्ये गेल्या. युद्धात बॉम्ब पडून चर्च पेटलं तेव्हा वरच्या मनोऱ्यातल्या घंटा खाली कोसळल्या. त्या तशाच ठेवल्यात. फुटलेल्या, वितळलेल्या, फरशीत रुतलेल्या. भोवती जाळी आहे आणि लोक येऊन गप्प उभे राहतात. विनिता म्हणाली, आपल्याकडं असतं तर दुसऱ्या दिवशी भंगारवाल्यानं नेलं असतं. रुचिका हसली नाही. ती त्या घंटांकडं बघत राहिली. पडलं ते पडलं म्हणून ठेवलंय, त्याला कोणी शेंदूर लावला नाही की नवीन म्हणून उभं केलं नाही, एवढंच तिच्या मनात आलं.

मग नदीकाठी आल्या. तिथं विटांची जुनी गोदामं आहेत, एकमेकांना खेटून, काही थोडी कललेली. मिठाची गोदामं. दूरच्या खाऱ्या झऱ्यांचं पाणी आटवून केलेलं मीठ इथं यायचं आणि इथून जहाजांत भरून उत्तरेकडं मासे खारवायला जायचं. या मिठावर हे शहर श्रीमंत झालं, असं पाटीवर लिहिलंय. आता आत कपड्यांचं दुकान आहे. बाहेर पर्यटक उभे राहून फोटो काढतात.

रुचिका समोरच्या बाकावर बसली. तिच्या आयनं वाहिलेल्या मिठाचं गोदाम कुठं होतं, तिला माहीत नव्हतं. मीठ ठेवायला गवताचं छप्पर असायचं म्हणे, ते कुणी बघायला ठेवलं नाही. त्याच्यावर माती टाकली, मातीवर सिमेंट टाकलं आणि मैनाला ते पुसायला ठेवलं. ल्युबेकच्या लोकांनी मिठाचे पैसे खाल्ले आणि गोदामं तरी राखली. आमच्याकडं पैसे खाल्ले आणि गोदामंही खाल्ली.

तेवढ्यात फोन वाजला. निकेतचा होता, व्हिडिओ कॉल.

बंधाऱ्यावर सगळं घर जमलं होतं. निकेतनं डोकं भादरलेलं, अंगावर ओलं धोतर. पिंड ठेवून बराच वेळ झाला होता, पण कावळा शिवत नव्हता. कावळे नव्हते असं नाही. पलीकडं यार्डाच्या कॅन्टीनमागच्या कचऱ्यावर थवाच्या थवा बसला होता. तिथं कोंबडीची हाडं होती, इथं भाताचा गोळा. कावळ्यालाही अक्कल असते. पण कावळा शिवत नाही म्हणजे मेलेल्याची इच्छा राहिली, असं आपण धरतो, आणि मग एकेक जण पुढं होऊन शब्द द्यायला लागतो.

निकेतनं घरावर स्लॅब टाकायचा शब्द दिला. कावळा आला नाही. मैनाची बहीण वेणूबाई हिनं बहिणीची नथ रुचिकाच्याच नाकात घालू म्हणून सांगितलं. आला नाही. मग निकेत म्हणाला, आये, मी दारू सोडतो. मागून कोणीतरी बोललं, खोटं बोलू नको रे, त्यामुलंच येत न्हाय तो. दोघं-चौघं हसले. खाडीला भरती लागली होती. पाणी पिंडापर्यंत येण्याआधी उरकायला हवं होतं आणि सकाळपासून कोणाच्या पोटात काही नव्हतं.

भिकूकाकानं निकेतच्या हातातून फोन घेतला.

"पोरी, तुझ्यात जीव अडकलाय तिचा," तो म्हणाला. "मी फोन पिंडाजवल धरतो. येते म्हन, आन् विनेशशी लगीन करते म्हन. तुझ्या तोंडानं ऐकू दे तिला."

स्क्रीनवर भाताचा गोळा आला. वर काळे तीळ, खाली पत्रावळ, मागं चिखल आणि त्याच्याही मागं कंटेनरची निळी-लाल रास. रुचिकाला आयचं मेलेलं तोंड बघायला मिळालं नव्हतं. तिच्यासाठी आय म्हणजे आता हा गोळा.

विनिता कानाशी आली. बोलून टाक ना रुचे, म्हणाली, कावळ्याला काय कळतंय, घरी जाऊन मोडता येतं. खरं होतं. एक वाक्य होतं. शब्द देऊन मोडणारे गावात काय कमी आहेत? निकेतनं तर आत्ताच एक दिला होता. पण रुचिका आयशी कधी खोटं बोललेली नव्हती. बोलायला गेली तर मैना फोनवर तिचा नुसता श्वास ऐकून ओळखायची. भाताच्या गोळ्यापुढंही तिची जीभ वळेना.

"आय," ती म्हणाली, "तू मला नोकरी घे म्हणून सांगितलंस ना? मी घेते. लग्न नाय करनार."

फोन गर्रकन फिरला आणि भिकूचं तोंड समोर आलं. कधी सांगितलं, कोणासमोर सांगितलं, साक्षीला कोण होतं, असं त्यानं विचारलं. फोनवर, मला एकटीला, असं रुचिका म्हणाली. मेलेल्या माणसाच्या नावावर काय बी खपवता येतं, भिकू म्हणाला. हा माणूस पुढं काय करणार होता ते लक्षात घेतलं तर हे वाक्य सोन्यानं मढवून ठेवण्यासारखं आहे.

"बाबांना विचारा," रुचिका म्हणाली. "आय त्यांना सांगनार होती."

भिकूनं फोन काळूरामकडं वळवला. काळूराम डोक्यावर पंचा घेऊन दगडावर बसला होता. त्यानं फोनकडं बघितलं, मग खाडीच्या पाण्याकडं बघितलं. आणि बघतच राहिला.

बस, एवढं पुरे झालं सगळ्यांना. हिच्यापायी मैना अडकलीय, असं कोणी बाई बोलली. भिकूनं फोन वेणूबाईच्या हातात कोंबला आणि पिंडापुढं हात जोडले. वैनी, पोरीचं मनावर घेऊ नको, लहान हाय ती, असं त्यानं सुरू केलं. मी तुला शबूद देतो, म्हणाला. परवा ती येनार, आणि वर्साच्या आत आमी तिला गुणाजीशेठच्या घरात देनार. आता तरी ये.

आणि कावळा आला.

कुठून आला ते कळलं नाही. यार्डाच्या कुंपणावरून खाली उतरला, दोन उड्या मारल्या आणि पिंडात चोच घातली. खाल्लं आणि उडाला. शिवला, शिवला, असा एकच गलका झाला. वेणूबाई रडायला लागली. फोन बंद करायची आठवण कुणालाच राहिली नाही. तिच्या हातातून रुचिकाला आभाळ दिसत होतं, लोकांचे पाय दिसत होते आणि भिकूचा आवाज ऐकू येत होता. तो दुसऱ्या फोनवर गुणाजीशेठला सांगत होता की वैनीनं होकार दिला, आता काळजी नाही.

मैनाच्या आयुष्यात तिचा होकार कोणी एकदाही विचारला नव्हता. मेल्यावर विचारला, आणि तो दिला कावळ्यानं.

तुम्ही म्हणाल, शिकलेली पोरगी, तिनं हसून सोडून द्यायला हवं होतं. सोडून देता येत नाही. लहानपणापासून ऐकलेलं असतं की तो कावळा म्हणजे आपलंच माणूस. रुचिका बाकावर बसून राहिली आणि तिला आयचा राग आला. टाकीमागून मला एक सांगितलंस आणि दहाव्याला काकाच्या शब्दावर आलीस? माझ्या शब्दाला का आली नाहीस? विनितानं पिशवीतून पाव काढला, शिवला ना, आता तरी खा म्हणाली. रुचिकानं तोंड फिरवलं. पर्यटकांचा एक घोळका आला, गोदामांसमोर दात काढून उभा राहिला, गेला. दुसरा आला. विनितानं काही वेळानं स्वतःच पाव खाल्ला. तिला तरी काय करायचं होतं.

दुपारनंतर रुचिकानं बापाला फोन लावला. घरी नको म्हणून तो यार्डाच्या रस्त्यावर आला होता. मागून ट्रेलर जात होते.

"बाबा, आय तुमच्याशी बोलली होती?"

एक गाडी गेली, दुसरी गेली.

"व्हय," तो म्हणाला.

"काय बोलली?"

"तेच. तू पिंडापुढं बोललीस तेच. पोरीला हितं आनू नको म्हनली. माझा हात धरून बोलली."

"मग तेव्हा का नाय बोललात? मी तुमचं नाव घेतलं होतं."

"आखा गाव हुता, बाय. भिकूच्या तोंडावर कसं बोलनार? आन् मी बोलनारच हुतो मागून. पन मंग कावला शिवला."

"काकाच्या खोट्यावर शिवला तो."

"शिवला ना पन," काळूराम म्हणाला. "मना वाटलं, तिचं मन बदललं आसंल."

रुचिकानं फोन कानापासून लांब धरला आणि परत जवळ घेतला. बाप थट्टा करत नव्हता. एवढी वर्षं बायकोबरोबर काढून, तिच्या हाताची पकड मनगटावर असताना, त्यानं तिच्यापेक्षा कावळ्यावर भरवसा ठेवला होता. आणि तसं वाटून घेणं त्याला सोपं गेलं होतं. भिकूशी भांडण नको, गावाशी वाकडं नको, मैनाच हो म्हणाली. चांगल्या माणसाची सोय अशी होते.

मी येत नाही, ती म्हणाली. उद्याही नाही, तेराव्यालाही नाही.

तो रडला असावा. नीट कळलं नाही, गाड्यांचा आवाज होता. मग म्हणाला की मी सांगतो, तिकिटाचा काहीतरी घोळ झाला, विमान रद्द झालं, लोकांना काय कळतंय. ती म्हणाली, खोटं नको. येत नाही म्हणून सांगा, आणि आयनं सांगितलेलं म्हणून सांगा. एवढं एकदा चारचौघांत बोला, मी दुसरं काही मागत नाही.

"तेवढं मना जमायचं न्हाय, बाय," काळूराम म्हणाला.

नंतर फोन कोणीच ठेवला नाही. शेवटी बापाच्याच फोनची बॅटरी संपली.

रुचिकानं बाकावर बसूनच कंपनीला उत्तर पाठवलं. दोन ओळींचं होतं. विनिता बघत होती. तिला वाटलं आता ही रडेल किंवा तिला मिठी मारेल. तसलं काही झालं नाही. तू माझ्या घरी जाऊ नको, रुचिकानं तिला सांगितलं, ते तुलाही ऐकवतील. विनिता म्हणाली, ऐकवू देत, आमच्याकडं काय कावळे न्हाईत का.

मग रुचिकानं घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहिलं. दहाव्याचे फोटो तिथं आलेलेच होते, पिंडाजवळच्या कावळ्याचाही, कोणीतरी त्याच्याभोवती लाल गोल काढलेला. खाली हात जोडल्याची चित्रं होती. त्यांच्या खाली तिचं वाक्य गेलं.

मी येत नाही. नोकरी घेतली. आयनं मला तसं सांगितलं होतं आणि बाबांनाही सांगितलं होतं. बाबांना विचारा.

तिनं फोन मांडीवर ठेवला आणि कोण कोण वाचतंय ते बघत राहिली. वेणूबाईनं वाचलं. भिकूकाकानं वाचलं. चुलत भावांनी, त्यांच्या बायकांनी वाचलं. पनवेलच्या आत्यानं वाचलं. बाबांना विचारा, असं मराठीत, ठळक, सगळ्यांना दिसेल असं लिहिलेलं होतं. विचारलं कोणीच नाही. लिहूनही नाही, आणि काळूराम तर त्यांच्यातच, घरच्या ओटीवर बसलेला असणार.

मग निकेतनं तिला ग्रुपमधून काढून टाकलं.

काळूराम ग्रुपमध्ये अजून आहे.